चहा सांडल्याचा नकाशा

लॅपटॉपवर चहा सांडायला किती वेळ लागतो, हे रकानेसाहेबांना विचारावं. सोमवारी चार वाजून सतरा मिनिटांनी कप उभा होता आणि चार वाजून सतरा मिनिटांनीच तो आडवा झाला होता. मधला वेळ एकाही घड्याळाला पकडता आला नाही, आणि घरात त्या वेळी चालू-बंद मिळून अकरा घड्याळं होती.

रकानेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका कचेरीत, लोकांचे अर्ज तपासायच्या खिडकीमागे त्यांनी एकतीस वर्षं काढली. अर्जात कुठे मोकळी जागा दिसली की "रकाना?" एवढा एकच शब्द बोलून ते कागद परत सरकवत, त्यावरून लोकांनीच हे नाव ठेवलं. अर्जातला प्रत्येक रकाना भरलाय की नाही, हे पाहणं त्यांचं काम. त्यात लिहिलेलं खरं की खोटं, हे पाहणारा विभाग वेगळा होता, दुसऱ्या मजल्यावर. तिकडे ते एकतीस वर्षांत दोनदाच गेले, दोन्ही वेळा कुणाच्या तरी निरोपसमारंभाला.

त्यांचा स्वतःचा अर्ज मात्र आजवर कुठूनही परत आला नव्हता. एखाद्याला गळ्याचा अभिमान असतो, एखाद्याला मिशांचा, तसा त्यांना याचा होता.

लॅपटॉप त्यांचा नव्हता, बाईंचा होता. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. शाळेत गणित शिकवतात म्हणून शाळेत बाई, आणि घरातलंही प्रत्येक गणित त्यांचंच बरोबर येतं म्हणून घरातही बाई. संध्याकाळी लांबच्या मुलांच्या शिकवण्या घेता याव्यात म्हणून त्यांनी तो स्वतःच्या कमाईतून घेतला होता. दुपारी, त्या शाळेत असताना, तो रकानेसाहेबांना मिळे. पेन्शनचे कागद भरण्यासाठी. पेन्शनचे कागद निवृत्तीनंतर पहिल्या आठवड्यातच भरून झाले होते, पण ही बातमी बाईंच्या कानावर घालायची राहून गेली होती. गेले चार महिने रकानेसाहेब त्यावर पत्त्यांचा डाव लावत.

लॅपटॉपच्या टेबलामागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता: "या टेबलावर कोणतेही पेय आणू नये. आदेशावरून." अक्षर रकानेसाहेबांचंच होतं. आदेश कोणाचा, हे त्यांनी लिहिलं नव्हतं, कारण आदेशावर ते कधीच लिहीत नाहीत.

आता साखरेचं सांगायला हवं. रकानेसाहेबांच्या रक्तात साखर निघाली होती. डॉक्टर ओरडले होते, बाई त्याहून मोठ्यानं ओरडल्या होत्या, आणि रकानेसाहेबांनी आपल्या निवृत्तीच्या आदेशावर हात ठेवून शपथ घेतली होती की यापुढे चहा बिनसाखरेचा. तरी साखरेचा डबा घरातून हद्दपार करता येईना, कारण घरात दादा होते. दादा म्हणजे बाईंचे वडील. वय वर्षं ब्याऐंशी, रक्त निर्दोष, चहाला तीन चमचे.

दादा घड्याळजी. दुकान कधीच बंद झालं होतं, पण पुढच्या खोलीच्या खिडकीशी त्यांचं छोटं टेबल होतं, त्यावर चिमटे, बोटभर लांबीचे स्क्रूड्रायव्हर आणि डोळ्याला लावायचं भिंग. इमारतीतली आणि आसपासची बंद पडलेली घड्याळं त्यांच्याकडे येत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, गुडघे कुरकुरत होते, पण हात! केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून दादा श्वास रोखत तेव्हा खोलीत भिंतीवरचा लंबक तेवढा हलायचा. त्यांच्याकडे दुसरं काही मिरवण्यासारखं नव्हतं आणि त्यांना दुसरं काही मिरवायचंही नव्हतं.

तर रोज चारला दादा उठत, दोन कप चहा करत आणि स्वयंपाकघरातून विचारत, "जावईबापू, तीन?"

"तीन."

सासरे-जावयांचं दिवसभरातलं संभाषण एवढंच, पण त्यात जिव्हाळा काठोकाठ होता.

सोमवारी दादांनी नेहमीप्रमाणे एक कप जावयासमोर ठेवला, आपला घेऊन ते खिडकीशी गेले आणि तळमजल्यावरच्या शिंप्याचं मनगटी घड्याळ उघडून बसले. रकानेसाहेबांचा डाव लागत आला होता. चौकटची राणी वर गेली, राजा वर गेला, पडद्यावर पत्ते आनंदानं उड्या मारायला लागले, आणि चार महिन्यांत प्रथमच डाव पूर्ण लागल्यामुळे रकानेसाहेबांनी दोन्ही हात वर केले. डाव्या हाताला कप लागला.

पुढचं दृश्य कोणालाही दाखवू नये असं होतं. चहा अक्षरांच्या फटींतून आत गेला. पत्ते उड्या मारता मारता थबकले, पडदा निळा झाला, मग काळा झाला. रकानेसाहेबांनी आधी हातरुमाल, मग टेबलक्लॉथ, मग घाबरून भिंतीवरचा आदेश काढून त्यानं चहा टिपला. दादांनी चिमट्यातली स्प्रिंग आधी जागेवर बसवली, भिंग काढलं, आणि मग टॉवेल घेऊन आले. दोघांनी लॅपटॉप पालथा घातला. त्याच्यातून मुंगीच्या पावलानं चहा ठिबकत राहिला.

आणि किल्ली वाजली. बाई आल्या.

बाईंनी चप्पल काढली, पालथा लॅपटॉप पाहिला, ओला आदेश पाहिला. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर रकानेसाहेबांनी तिथल्या तिथे सगळं कबूल केलं असतं, असं ते आजही सांगतात. बाईंनी फक्त लवंडलेला कप उचलला, नाकाशी नेला, आणि साखरेचा वास ओळखून विचारलं, "हा कप कोणाचा?"

रकानेसाहेबांनी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण त्यातून आवाज यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात शेजारून उत्तर आलं.

"माझा," दादा म्हणाले.

बाईंचा चेहरा एकदम उतरला. "दादा, कप घेऊन इथून जात होतात? हात थरथरला का?"

दादांनी जावयाकडे पाहिलं. जावयानं टॉवेलकडे पाहिलं.

"थरथरला असेल," दादा म्हणाले.

झालं. एवढंच झालं. रकानेसाहेबांनी मनाशी ठरवलं की वेळ बघून आपण सांगून टाकू. वेळ बघण्यात त्यांचा पुढचा सबंध आठवडा गेला.

मंगळवारी सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. त्यांचा सल्ला असा की लॅपटॉप तांदळात पुरावा, तांदूळ पाणी ओढून घेतो. रकानेसाहेबांनी तांदळाचा डबा उघडला, त्यात लॅपटॉप उभा खोचला, आणि दोन तास वाट पाहिली. मग समोरच्या वहिनी आल्या. त्या म्हणाल्या, "अहो, तांदूळ काय घेऊन बसलात, केस वाळवायचं यंत्र लावा," आणि आपलं यंत्र घेऊन आल्या. वहिनी दयाळू आहेत, पण त्यांच्या यंत्राला जोर फार. पाच मिनिटांत लॅपटॉप वाळला की नाही कळलं नाही, मात्र 'क्ष'चं बटण वितळून 'ज्ञ'च्या गळ्यात पडलं.

"झालं कसं पण?" वहिनींनी विचारलं.

"दादांचा हात लागला," रकानेसाहेब म्हणाले. हे वाक्य तोंडातून इतकं सहज गेलं की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. वहिनींना सांगितलेली गोष्ट जिन्यावरून खाली जायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं की दादांचे हात थरथरतात.

त्याच संध्याकाळी बाईंनी बाजारातून एक कप आणला. निळा, प्लॅस्टिकचा, दोन कानांचा, वर झाकण आणि झाकणाला चोच. "दादा, यातून प्या. म्हणजे काळजी नाही," त्या इतक्या प्रेमानं म्हणाल्या की नाही म्हणायची सोयच राहिली नाही. दादांनी कप हातात घेऊन सगळीकडून पाहिला, झाकण उघडून आतला रबर पाहिला, पुन्हा लावला. "जोडणी चांगली आहे," एवढंच ते म्हणाले, आणि चोचीतून चहा प्यायले. रकानेसाहेबांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. वाटीतली भाजी मात्र त्यांनी संपवली, कारण ताटात काही शिल्लक ठेवणं त्यांना अपूर्ण अर्जासारखं वाटतं.

बुधवारी वॉरंटीचा शोध सुरू झाला. वॉरंटीचे कागद रकानेसाहेबांनी स्वतः जपून ठेवले होते, त्यामुळे ते सापडेनात. 'ल' खाली नव्हते, 'य' म्हणजे यंत्रे, त्याखाली नव्हते. शेवटी 'प' खाली, 'पत्नीची खरेदी' या फायलीत सापडले. आत आनंदाची बातमी होती. बाईंनी घेताना 'अपघाती संरक्षण' नावाचं काहीतरी घेतलं होतं. त्यात द्रव सांडणं चालत होतं. फक्त घटनेपासून सात दिवसांत दावा दाखल करायचा होता, म्हणजे पुढच्या सोमवारपर्यंत. त्याच सोमवारी बाईंच्या शिकवण्या सुरू होणार होत्या.

त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. बासरी वाजली. मग एक रेकॉर्ड केलेला गोड आवाज म्हणाला, "द्रव सांडला असल्यास चार दाबा." त्यांनी चार दाबलं. "यंत्र ताबडतोब बंद करा आणि उष्णतेपासून व धान्यापासून दूर ठेवा," आवाज म्हणाला. रकानेसाहेबांनी फोन हळूच खाली ठेवला. आपल्या घरात कोणी डोकावत असावं, असा संशय त्यांना बराच वेळ येत राहिला.

सर्व्हिस सेंटरात टोकन घेऊन ते बाकावर बसले. आजवर बाकावर लोक बसायचे आणि ते खिडकीमागे. ही बाजू इतकी कडक असते हे त्यांना माहीत नव्हतं. काउंटरवरची मुलगी हसतमुख होती. तिनं लॅपटॉप आत दिला. दहा मिनिटांनी इंजिनिअर बाहेर आला. त्याच्या चिमट्यात तांदळाचा एक दाणा होता.

"पंख्यात अडकला होता," तो म्हणाला. "हा चहात होता का?"

बाकावरची सगळी माणसं रकानेसाहेबांकडे बघू लागली. एकतीस वर्षं ज्यांच्यापुढे लोक चाचरत उभे राहिले, ते रकानेसाहेब एका दाण्यापुढे चाचरले. "तो नंतरचा," ते म्हणाले.

"आणि हे बटण?"

"तेही नंतरचं."

मुलीनं त्यांच्यापुढे दाव्याचा फॉर्म सरकवला. चोवीस रकाने! रकानेसाहेबांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि त्यांची खचलेली छाती पुन्हा वर आली. अपमान, तांदूळ, वितळलेलं 'क्ष', सगळं विसरून ते घरी निघाले. चोवीस रकान्यांत माणसाला काय नाही करता येणार?

घरी येऊन बघतात तो शिंपी आलेला. तो दारात अवघडून उभा होता, हातातल्या मापाच्या फितीशी खेळत. "दादा, घाई काहीच नव्हती, पण ते घड्याळ जरा न्यावं म्हणतोय. माझ्या वडलांचं आहे ना... बाजारात एक नवीन दुकान झालंय."

"एकच स्क्रू राहिलाय," दादा म्हणाले. "पाच मिनिटं बसा."

"असू दे असू दे. तो लावतील तिकडे," शिंपी घाईघाईनं म्हणाला.

दादांनी काही वाद घातला नाही. घड्याळ एका पाकिटात घातलं, तो इवलासा स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून वेगळा दिला आणि म्हणाले, "सांभाळा, पडला तर सापडणार नाही." शिंपी गेल्यावर त्यांनी भिंग पुसलं आणि खणात ठेवलं. खण लावल्याचा आवाज लहानसा होता, पण रकानेसाहेबांना तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. आता सांगावं, असं त्यांना वाटलं. पण हातात फॉर्म होता, आणि फॉर्म हातात असताना त्यांना दुसरं काही सुचत नाही.

गुरुवारी सकाळी त्यांनी शाईचं पेन, पट्टी आणि काळी शाई घेऊन बैठक मारली. कायकाय विचारलं होतं! रकाना बारा: द्रवाचा प्रकार, प्रमाण व घटक. दुसरा कोणी असता तर त्यानं 'चहा' लिहून सोडून दिलं असतं. रकानेसाहेबांनी कपात पाणी भरून मापून पाहिलं आणि लिहिलं: "चहा, अंदाजे एकशे वीस मिलिलिटर, त्यापैकी दोन घोट आधी प्राशन. दूध निम्मे. साखर तीन चमचे, सपाट." रकाना सोळा: द्रव कोणाच्या हातून सांडला. इथे पेन थोडा वेळ थांबलं. मग लिहिलं: "सासरे, वय ८२, कप घेऊन जात असता." रकाना भरला गेला.

रकाना एकोणीस: घटनेच्या क्षणी खोलीत असलेल्या व्यक्ती व त्यांची जागा, आवश्यक वाटल्यास नकाशा जोडावा. आवश्यक वाटल्यास! असले शब्द रकानेसाहेबांच्या रक्तातल्या साखरेसारखेच थेट डोक्यात चढतात. त्यांनी फीत घेतली, खोली मोजली, आणि एक सेंटिमीटरला अर्धा मीटर या प्रमाणात नकाशा काढला. दार, खिडकी, टेबल, खुर्ची. कपाच्या पडण्याची दिशा बाणानं दाखवली. व्यक्ती 'अ' आणि व्यक्ती 'ब' गोलांनी दाखवल्या, अंतरं लिहिली, उत्तर दिशा दाखवली. इतका सुंदर नकाशा त्यांच्या हातून कचेरीतही झाला नव्हता.

दादांची सही हवी होती, सोळाव्या रकान्यापुढे. दादांनी वाचलं. त्यांनी 'कप घेऊन जात असता' वर बोट ठेवलं, उचललं, आणि सही केली. बारीक, मोत्यासारखी, ओळीला धरून. एकही रेघ हलली नव्हती. थरथरणाऱ्या हाताची सही अशी असती तर कचेरीत किती सोय झाली असती, असा एक विचार रकानेसाहेबांच्या मनात आला आणि त्यांनी तो घाईनं झटकला.

बाईंची सही मालक म्हणून हवी होती. त्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. "तुम्ही भरलाय ना? मग काय वाचायचंय," असं म्हणून त्यांनी न वाचता सही केली. हे मात्र रकानेसाहेबांना लागलं, खोल लागलं. एवढ्या विश्वासाची त्यांना त्या क्षणी गरज नव्हती.

शुक्रवारी दुपारी सर्व्हिस सेंटरातून बोलावणं आलं. मुलीनं फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला, अगदी जसा ते एकतीस वर्षं सरकवत आले होते तसा. वर लाल शाईत सुबक अक्षरांत लिहिलं होतं: "रकाना १६ व सोबतचा नकाशा यांत विसंगती. नकाशाप्रमाणे संबंधित व्यक्ती (ब) यंत्रापासून तीन मीटर चाळीस सेंटिमीटर अंतरावर, खिडकीशी बसलेली आहे. तेथून हात पोहोचणे शक्य नाही. खुलासा करावा."

रकानेसाहेबांनी नकाशा पाहिला. व्यक्ती 'ब', खिडकीशी. पुढे त्यांच्याच अक्षरात: "समोर उघडे घड्याळ, चिमट्यात स्प्रिंग." व्यक्ती 'अ', यंत्रासमोरच्या खुर्चीत. पुढे: "दोन्ही हात वर." सोळाव्या रकान्यात त्यांनी खोटं लिहिलं होतं, पण नकाशा चुकीचा काढायला हात धजला नव्हता. धजला नव्हता म्हणण्यापेक्षा, तसं करता येतं हेच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा अर्ज दुसऱ्या मजल्यावर पोचला होता.

"सर, वरती सगळ्यांनी नकाशा पाहिला," मुलगी म्हणाली. "आजवर कोणीच जोडला नव्हता. फक्त तेवढं अंतराचं नीट करून आणा. सोमवार शेवटचा."

घरी आले तेव्हा चार वाजत होते. बाई अजून शाळेतून आल्या नव्हत्या. दादा खिडकीशी होते, पण टेबलावर घड्याळ नव्हतं. ते नुसते बाहेर बघत बसले होते, शेजारी निळा कप. रकानेसाहेबांनी कोरा कागद घेतला, पट्टी घेतली, आणि नवा नकाशा आखायला बसले. व्यक्ती 'ब' उचलून टेबलाशी आणायची, व्यक्ती 'अ' स्वयंपाकघरात पाठवायची. पाच मिनिटांचं काम.

"परत आला का अर्ज?" दादांनी विचारलं.

"आला."

"किती पुढे घ्यायचंय मला?"

रकानेसाहेबांच्या हातातली पट्टी थांबली. "तीन मीटर," ते म्हणाले.

"घ्या. कागदावर हवं तेवढं घ्या, जावईबापू." दादांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "फक्त हे टेबल रविवारी खरंच आत न्यायचं म्हणतेय ती. आता त्याचा उपयोग काय, म्हणते. तेवढं थोडं लांबवता आलं तर बघा. आत उजेड नाही हो."

रकानेसाहेबांनी पट्टी खाली ठेवली. "दादा, त्या दिवशी तुम्ही का म्हणालात, माझा म्हणून?"

"तुमचं तोंड बघवेना," दादा म्हणाले. "वाटलं, आत्तापुरतं म्हणू, मग तुम्ही सांगालच. मग तुम्ही सांगितलं नाहीत. मग मी बोललो असतो तर तुम्ही खोटे पडला असतात. आणि साखर तर मीच घातली होती."

रकानेसाहेबांना रडू आलं. ते रडले नाहीत, कारण कागद समोर होता आणि शाई ओली होती. पण आपण एक अत्यंत क्षुद्र माणूस आहोत, हे त्यांना तीन मीटर चाळीस सेंटिमीटरवरून स्वच्छ दिसलं. त्यांनी अर्धा आखलेला नकाशा फाडला. नवा कागद घेतला आणि वर लिहिलं: "विषय: लॅपटॉपवर चहा सांडल्याबाबत खुलासा." तोंडानं सांगायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं, पण अर्जात ते कोणाला भीत नाहीत.

बाई आल्या. रकानेसाहेबांनी उभं राहून कागद दोन्ही हातांनी पुढे केला. बाईंनी सवयीनं लाल पेन काढलं आणि वाचायला लागल्या. पेन्शनचे कागद चार महिन्यांपूर्वी भरून झाल्याचं वाचलं. पत्त्यांचं वाचलं. पेन एका जागी थांबलं.

"तीन चमचे," त्या म्हणाल्या. "रोज?"

"रविवार सोडून," रकानेसाहेब म्हणाले. रविवारी बाई घरी असतात.

बाईंनी मनातल्या मनात हिशोब केला. चार महिने, आठवड्याचे सहा दिवस. तो किती मोठा झाला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आता भांडण होणार म्हणून रकानेसाहेबांनी डोळे मिटले. पण आवाज आला तो रडवेला होता.

"मी माझ्या बापाला झाकणाचा कप दिला," बाई म्हणाल्या. "या हातांनी मला लहानपणी घड्याळ वाचायला शिकवलं, आणि मी त्यांना चोचीतून चहा पाजला! अहो, लॅपटॉप गेला असता तर गेला असता. तुम्ही गप्प कसे बसलात?"

रकानेसाहेबांनी खुलाशाकडे पाहिलं. त्यात यासाठी रकाना नव्हता.

बाई खिडकीशी गेल्या. "दादा, तुम्ही तरी बोलायचं!"

"अगं, मलाही शिक्षा व्हायला हवी," दादा म्हणाले. "डॉक्टरांनी नको म्हटलेलं मला माहीत होतं." मग थोडं थांबून म्हणाले, "पण हात नाही हं थरथरत."

"माहितीय मला," बाई म्हणाल्या, आणि निळा कप उचलून घेऊन गेल्या.

शनिवारी रकानेसाहेबांनी दोन कामं केली. पहिलं, समोरच्या वहिनींच्या दारात जाऊन खरं काय ते सांगितलं. एका दारात सांगून भागलं, दुपारपर्यंत इमारतीतल्या प्रत्येकाला चमच्यांची संख्यासुद्धा पाठ होती, आणि बँक मॅनेजर जिन्यात भेटल्यावर "तीन का हो?" असं विचारून गेले. दुसरं, खुलासा घेऊन ते सर्व्हिस सेंटरात गेले.

मुलीनं तो पूर्ण वाचला. वाचताना तिनं दोनदा तोंडावर हात धरला. मग म्हणाली, "सर, पण सांडलं कोणी यानं काहीच फरक पडत नाही. घरातलं कोणीही चालतं. तो रकाना नुसता माहितीसाठी असतो."

"नुसता माहितीसाठी?" रकानेसाहेबांनी विचारलं.

"हो. रिकामा ठेवला असतात तरी चाललं असतं."

रकानेसाहेब पाच मिनिटं बाकावर बसून राहिले. मग मुलीनं पाणी आणून दिलं. ग्लास त्यांनी काउंटरपासून लांब धरला.

दावा मंजूर झाला. सोमवारी दुपारी लॅपटॉप घरी आला, नव्या अंगाचा, नव्या 'क्ष'चा. सोबत एक लहानशी प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यात तांदळाचा तो दाणा आणि चिठ्ठी: "ग्राहकाची वस्तू. वॉरंटीत समाविष्ट नाही." रकानेसाहेबांनी ती 'त' खाली फाइल केली.

चार वाजता शिंपी आला. हातात पाकीट, वेगळी पुडी, आणि मान खाली. "नवीन दुकानवाल्याकडून स्क्रू बसेना, दादा," तो म्हणाला. पुडीची घडी दादांनी घातली होती तशीच होती, त्यामुळे तो नव्या दुकानात गेलाच नव्हता, हे सगळ्यांना कळलं. दादांनी खण उघडला, भिंग काढलं, पुसलं, डोळ्याला लावलं. पुडी सोडली. स्क्रू चिमट्यात घेतला.

आज बाई लवकर आल्या होत्या, शिकवणीचा पहिला दिवस म्हणून. त्यांनी चहा केला होता. दादांचा नेहमीचा कप काठोकाठ भरून त्यांनी खिडकीशी नेऊन ठेवला, चिमट्यापासून चार बोटांवर. वहिनी दारातून डोकावत होत्या.

शिंप्याची नजर हिंडत हिंडत टेबलाकडे गेली. लॅपटॉपशेजारी निळा कप होता, दोन कानांचा, चोचीचा. आतला चहा बिनसाखरेचा होता. शिंपी बोलका माणूस, गप्प बसणं त्याला जमत नाही.

"हा कप कोणाचा हो?" त्यानं विचारलं.

बाईंनी वर पाहिलं नाही. दादांचा चिमटा जागच्या जागी थांबला.

"माझा," रकानेसाहेब म्हणाले.

दादांनी स्क्रू बसवला, घड्याळाला किल्ली दिली आणि ते शिंप्याच्या कानाशी धरलं.